हापूसच्या पानातून डीएनए: संकर-पडताळणी प्रकल्पाच्या नोंदी

12 जून 2024

नीलम मादी आणि हापूस नर या जोडीच्या हाती केलेल्या संकरातून मिळालेली रोपे आता एक वर्षाची झाली आहेत. पावसाळा सरेपर्यंत त्यांतली खरी संकरित कोणती आणि परक्या परागातून आलेली कोणती, हे ठरवून देण्याचे काम आमच्या प्रयोगशाळेकडे आले आहे. आंब्याच्या मोहरात फुले हजारांनी असली, तरी हाताने परागीकरण केलेल्या फुलांपैकी फळ टिकवणारी अगदी थोडी असतात, आणि मोहरावर पिशवी चढवायला थोडा जरी उशीर झाला, तरी माश्यांनी आणलेल्या परागाने आपले काम उरकलेले असते. नंतर कोय रुजते, रोप उभे राहते, आणि त्याच्याकडे पाहून बाप कोण ते काही सांगता येत नाही.

फळ धरेपर्यंत वाट पाहायची म्हटले तर पाच-सात वर्षे जातात. हापूसच्या नेहमीच्या 10 बाय 10 मीटर अंतराने एका हेक्टरात 100 झाडे बसतात, म्हणजे चुकीचे प्रत्येक रोप एक गुंठा जमीन तेवढी वर्षे अडवून बसणार. याच जोडीतून दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 1981 मध्ये ‘रत्ना’ ही जात दिली आणि रत्नाचा हापूसशी पुन्हा संकर करून 1992 मध्ये ‘सिंधू’ दिली. हापूसला छळणारा साका (गर आतून बिघडण्याचा दोष) या दोन्हींत नाही. ती निवड मार्करशिवाय (डीएनएतल्या ओळखखुणांशिवाय), केवळ जमीन, वेळ आणि जाणती नजर यांच्या बळावर झाली. आमच्याकडे जमीन तेवढी नाही, म्हणून पानातला डीएनए काढायचा.

आराखड्यात ‘उच्च प्रतीचा डीएनए’ असे शब्द आहेत. पुढचे काम कोणते हे सांगितल्याशिवाय या शब्दांना अर्थ येत नाही, म्हणून ते इथेच लिहून ठेवतो. पहिले काम एसएसआर मार्करचे, म्हणजे डीएनएत पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या क्रमांवरून ओळख पटवण्याचे आहे. त्यात शे-दोनशे बेसचे (डीएनएच्या अक्षरांचे) तुकडे वाढवायचे असतात, त्यामुळे डीएनए थोडा तुटका असला तरी चालतो, मात्र डीएनएच्या प्रती काढणाऱ्या पॉलिमरेज एन्झाइमला अडवणारे काही त्यात असता कामा नये. दुसरे काम जीनोमचा काही भाग वाचून हजारो एसएनपी (एकेका बेसचे फरक) मिळवण्याचे आहे. त्यात आधी निर्बंधन एन्झाइमने (ठरावीक क्रमावरच कापणाऱ्या एन्झाइमने) डीएनए कापावा लागतो, म्हणून तो रासायनिकदृष्ट्या स्वच्छ आणि बराचसा अखंड हवा. तिसरे काम फक्त दोन पालकांसाठी आहे, ते म्हणजे लांब वाचनाचे सिक्वेन्सिंग (बेसचा क्रम मोठ्या सलग तुकड्यांत वाचणे). तिथे डीएनएची लांबी हेच भांडवल असते. एकाच पद्धतीने तिन्ही कामे साधण्याचा हट्ट धरायचा नाही, असे पहिल्याच बैठकीत ठरले.

20 जून 2024

आजचा दिवस पाने निवडण्यात गेला. माझ्या मते या कामाचा निम्मा निकाल रोपवाटिकेतच लागतो, आणि छापील पद्धतींत नेमका याच भागाला एका ओळीपेक्षा जास्त जागा क्वचित मिळते.

आंब्याची पालवी फुटते तेव्हा पाने पहिले काही दिवस तांबूस, लुसलुशीत आणि खाली लोंबणारी असतात. मग तांबूसपणा ओसरून ती पोपटी होतात, आणि अखेर गडद हिरवी व चामट बनतात. जून पानात पेशींच्या भिंती जाड असतात, स्टार्च आणि इतर शर्करा साठलेल्या असतात, आणि वजनाच्या मानाने पेशीकेंद्रे कमी असतात, म्हणून ते पान टाळायचे. पण ‘जितके कोवळे तितके चांगले’ हा नियमही आंब्याला सरसकट लागू पडत नाही, कारण अगदी तांबड्या पालवीतही फिनॉलिक द्रव्यांची रेलचेल असते. तांबूस रंग उतरू लागला आहे, पान पोपटीकडे झुकले आहे, पण दोन बोटांत धरून दुमडले तर अजून कडकन मोडत नाही, अशी अवस्था आम्ही निवडली. सर्व रोपांची पालवी एकाच वेळी या अवस्थेत येत नाही, त्यामुळे नमुने टप्प्याटप्प्याने घ्यावे लागतील.

पानातला स्टार्च कमी व्हावा म्हणून तोडणीआधी रोपे दोन दिवस अंधाऱ्या गोदामात ठेवायची आहेत. हे रोपवाटिकेतल्या काकांना सांगितले, तेव्हा ते म्हणाले, “अहो, या पावसात त्यांना ऊन मिळतंय कुठं? सगळा अंधारच आहे की.” त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. तरीही ढगाळ उजेडातही पान अन्न तयार करतच असते, म्हणून रोपे गोदामात गेलीच. काकांनी आपणहून एक सुधारणा केली. त्यांनी पिशव्यांवर चिठ्ठ्या बांधण्याऐवजी खोडाला ॲल्युमिनियमच्या पट्ट्या बांधल्या, त्यामुळे ओल्या गोदामात क्रमांक पुसले जाण्याची भीती उरली नाही.

करप्याचे ठिपके असलेली आणि तुडतुड्यांच्या चिकट स्रावावर काळी बुरशी चढलेली पाने बाजूला ठेवली आहेत. बुरशीलाही स्वतःचा डीएनए असतो, आणि सिक्वेन्सिंगचे यंत्र दोन्हींत भेदभाव करत नाही. पान देठासकट न तोडता पात्याचाच भाग घेतला, कारण देठातून निघणारा चीक हाताला आणि ट्यूबला सारखाच चिकटतो. मधली शीर काढून टाकली.

राखीव नमुने सिलिका जेलमध्ये वाळवत आहोत. पानाच्या वजनाच्या निदान दहापट जेल हवे, असा सर्वसाधारण दंडक आहे. कोकणच्या पावसाळ्यात तेही अपुरे पडते. डबा दोन-तीनदा उघडला, तरी नारिंगी दाणे हिरवे होऊ लागतात. जेल ओव्हनमध्ये तापवून पुन्हा कोरडे करण्यासाठी आठवड्यातला एक दिवस राखून ठेवला आहे.

27 जून 2024

तुलनेसाठी आधार हवा, म्हणून नेहमीची सीटॅब पद्धत (सीटॅब या डिटर्जंटने डीएनए काढण्याची) कोणताही बदल न करता हापूसच्या पानावर चालवली. या पद्धतीचे मूळ मरे आणि थॉम्प्सन यांच्या 1980 च्या लेखात आहे, आणि जेफ व जेन डॉईल यांनी 1987 मध्ये ताज्या पानासाठी तिला दिलेले सुटसुटीत रूप आज जगभरच्या वनस्पती प्रयोगशाळांत चालते.

आमच्याकडे द्रव नायट्रोजन जनावरांच्या कृत्रिम रेतनाच्या पुरवठ्याबरोबर येतो. गायी-म्हशींचा हक्क पहिला, म्हणून आमचा वार ठरलेला आहे आणि पान दळण्याचे काम त्याच दिवशी उरकावे लागते. खल आधी नायट्रोजन ओतून थंड करून घ्यायचा, मग पान टाकायचे, आणि खडखडाट थांबून बत्ता मऊ चालू लागेपर्यंत दळायचे. भुकटी फिकट पिस्ता रंगाची दिसते. नायट्रोजन उडून गेल्यावर ती काही क्षण जरी उघडी राहिली, तरी खलाच्या कडेपासून तपकिरी रंग आत सरकू लागतो. पेशी फुटल्यावर पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे एन्झाइम आणि पॉलिफिनॉल समोरासमोर येतात, त्याची ही खूण असते. अशी भुकटी पुढे नेण्यात हशील नाही.

द्रावणात 2 टक्के सीटॅब, 1.4 मोलर मीठ, 100 मिलिमोलर ट्रिस, 20 मिलिमोलर ईडीटीए, पीएच 8, आणि वापरण्याच्या वेळी घातलेले 0.2 टक्के बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल होते. 65 अंशांवर तासभर ठेवले, क्लोरोफॉर्म आणि आयसोॲमिल अल्कोहोल 24:1 या प्रमाणात घालून हलवले, सेंट्रीफ्यूज केले, आणि वरच्या थरात आयसोप्रोपेनॉल मिसळले.

ज्वारीच्या पानात या क्षणी पांढरे तंतू एकमेकांत गुंतत वर येताना दिसतात. हापूसच्या ट्यूबमध्ये पेजेवर धरते तशी एक दाट साय तयार झाली आणि खाली बसल्यावर तिचा तपकिरी, चिकट गोळा झाला. तो टीई (ट्रिस-ईडीटीए) द्रावणात रात्रभर ठेवूनही पूर्ण विरघळला नाही. अतिनील प्रकाशाचे शोषण मोजले तेव्हा 260/280 गुणोत्तर (260 आणि 280 नॅनोमीटरच्या शोषणांचे) 1.7 च्या आसपास, म्हणजे कागदावर बरे दिसणारे आले, तर 260/230 गुणोत्तर अगदीच कमी, 0.6 आले. विजेच्या प्रवाहाने डीएनए लांबीनुसार वेगळा करणाऱ्या जेलवर बराचसा डीएनए खाचेतच अडकून बसला. एसएसआरच्या पीसीआरमध्ये (ठरावीक तुकडा अनेक पटींनी वाढवण्याच्या प्रक्रियेत) पट्टी आली नाही.

4 जुलै 2024

द्रावणात फेरबदल सुरू करण्यापूर्वी अडथळे नेमके कोणते, ते वेगळे करून लिहिणे आवश्यक आहे.

पहिला अडथळा पॉलिफिनॉलचा. आंब्याच्या पानात टॅनिन आणि मँगिफेरिन भरपूर असते. ही द्रव्ये ऑक्सिडीकरण झाल्यावर क्विनोन बनतात आणि प्रथिने व न्यूक्लिइक आम्लांना कायमची जोडली जातात. तपकिरी झालेला डीएनए नंतर कितीही धुतला तरी पांढरा होत नाही, तो यामुळेच. म्हणून उपाय पेशी फुटण्याच्या क्षणीच हजर असला पाहिजे. बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल ऑक्सिडीकरण रोखते, आणि पीव्हीपी हे बहुवारिक हायड्रोजन बंधांनी पॉलिफिनॉलला धरून ठेवते. दोघांचे काम वेगळे आहे, त्यामुळे एक वाढवून दुसऱ्याची उणीव भरून काढता येत नाही.

दुसरा अडथळा पॉलिसॅकराइडचा, आणि तो अधिक फसवा आहे. ही द्रव्ये रंगहीन असतात, डीएनएप्रमाणेच अल्कोहोलमध्ये खाली बसतात, 260 किंवा 280 नॅनोमीटरला जवळजवळ काहीच दाखवत नाहीत, आणि एन्झाइमला मात्र गुदमरवतात. 260/280 गुणोत्तर चांगले येऊनही पीसीआर न चालण्यामागे बहुतेक वेळा हेच असते. ते गुणोत्तर मुख्यतः प्रथिनांची चाहूल देते. शर्करा आणि फिनॉल यांची चाहूल 230 नॅनोमीटरच्या बाजूला लागते.

ज्वारीत हे सारे सौम्य असते. हैदराबादजवळच्या पटनचेरू येथील इक्रिसॅटने 2003 मध्ये कोरडवाहू पिकांच्या पैदास कार्यक्रमांसाठी एकाच वेळी 96 नमुने हाताळणारी सीटॅब पद्धत प्रसिद्ध केली. तिचा आराखडा आम्ही पुढे प्लेटसाठी घेणार आहोत, पण आंब्यासाठी तिच्याआधी एक पायरी जोडावी लागेल.

11 जुलै 2024

ती पायरी म्हणजे सॉर्बिटॉलची धुलाई. कल्पना सरळ आहे. पेशीकेंद्र फोडण्याआधीच पेशीरसातला कचरा धुऊन काढायचा. दळलेली भुकटी प्रथम सीटॅबमध्ये न टाकता 0.35 मोलर सॉर्बिटॉल, 100 मिलिमोलर ट्रिस, 5 मिलिमोलर ईडीटीए आणि 1 टक्का पीव्हीपी असलेल्या थंड द्रावणात मिसळली. त्यात वापरण्याच्या वेळी 1 टक्का बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल घातले होते. सॉर्बिटॉलमुळे द्रावणाचा परासरण दाब टिकतो आणि पेशीकेंद्रे फुटत नाहीत. सेंट्रीफ्यूज केल्यावर ती पेशीभित्तिकांच्या चोथ्यासह तळाला बसतात, तर विरघळलेल्या शर्करा आणि फिनॉल वरच्या द्रवात राहतात. तो द्रव ओतून टाकायचा.

पहिल्या धुण्यातून निघालेला द्रव मधासारखा पिवळट होता आणि पिपेटच्या टोकाला तार धरत होता. दुसऱ्या धुण्यात तार तुटली. तिसऱ्या वेळी द्रव जवळजवळ पाण्यासारखा सुटला. धुलाई किती वेळा करायची याचा आकडा पद्धतीत न लिहिता ‘तार धरणे थांबेपर्यंत’ असेच लिहिले आहे, कारण पोपटी पानाला दोनदा पुरते आणि जरा निबर पानाला जास्त लागते. अशी सूचना नवख्या माणसाला अपुरी वाटेल खरी, पण ठरीव आकड्याच्या भरवशावर चिकट नमुना पुढे ढकलण्यापेक्षा ती बरी.

धुतलेल्या चोथ्यावर सीटॅब चालवले. आयसोप्रोपेनॉल घातल्यावर साय आली नाही, विरळ पांढरा गुंता आला. 260/230 गुणोत्तर 1.8 वर गेले. डीएनएचे प्रमाण थोडे घटले, कारण धुण्यात काही पेशीकेंद्रे निसटतातच, पण हा तोटा परवडणारा आहे.

18 जुलै 2024

मीठ आणि तापमान. सीटॅब आणि न्यूक्लिइक आम्ल यांची जोडी मिठाचे प्रमाण भरपूर असेपर्यंत विरघळलेली राहते, आणि ते सुमारे 0.7 मोलरच्या खाली गेले की गाळ बनून खाली बसते. पानात पाणी जास्त आणि द्रावण कमी असे झाले, तर नकळत हेच घडते आणि डीएनए क्लोरोफॉर्मच्या पायरीवर मधल्या थरात हरवतो. शिवाय जास्त मिठात शर्करा द्रावणातच राहणे पसंत करतात आणि अल्कोहोल घातल्यावर डीएनए त्यांना मागे टाकून बाहेर येतो. म्हणून सीटॅब द्रावणातले मीठ 3 मोलरपर्यंत वाढवले. पुढे तळाशी बसलेल्या गोळ्याबरोबर येणारे मीठ 70 टक्के इथेनॉलने धुतले की निघते.

याच पायरीवर एक बारीकसारीक वाटणारी, पण सांगण्याजोगी गोष्ट आहे. प्रयोगशाळेत डीएनए म्हटले की सगळे काही थंडीत करण्याची सवय असते. सीटॅब मात्र 15 अंशांच्या खाली स्वतःच स्फटिक बनून बाहेर पडते, त्यामुळे क्लोरोफॉर्मनंतरचे सेंट्रीफ्यूज 4 अंशांवर चालवू नये. खोलीचे तापमानच योग्य. तसेच आयसोप्रोपेनॉल घातलेल्या ट्यूब रात्रभर उणे 20 अंशांत ठेवल्याने डीएनए जास्त मिळतो, असा समज आहे. डीएनए थोडा जास्त मिळतही असेल, पण त्याच्यासोबत शर्कराही भरभरून खाली येतात. आम्ही ट्यूब खोलीच्या तापमानात थोडाच वेळ ठेवतो आणि तंतू दिसले की काचेच्या आकड्याने उचलून घेतो. जो डीएनए तंतू धरून वर येतो, तो लांब असतो. उरलेला तुटका भाग ट्यूबमध्ये राहिला तर राहू द्यावा.

25 जुलै 2024

मोजणीविषयी. आरएनए तोडणारे आरएनएज ए हे एन्झाइम घालून 37 अंशांवर अर्धा तास ठेवण्यापूर्वी आणि ठेवल्यानंतर अशी दोनदा मोजणी केली. शोषणावर चालणारे नॅनोड्रॉप 260 नॅनोमीटरला जे जे दिसते ते सारे डीएनए समजून 50 ने गुणते, मग तो आरएनए असो किंवा सुटे न्यूक्लिओटाइड. क्यूबिट या दुसऱ्या यंत्रातला रंग फक्त दुपेडी डीएनएला चिकटून चमकतो. आरएनएज घालण्यापूर्वी दोन्ही यंत्रांतली तफावत कित्येक पटींची होती. आरएनएजनंतर ती कमी झाली, पण मिटली नाही, कारण एन्झाइमने आरएनए तोडला तरी त्याचे तुकडे द्रावणातच असतात. पुन्हा एकदा अवक्षेपण करून धुतल्यावरच दोन आकडे जवळ आले. यापुढे प्रमाण क्यूबिटचे आणि स्वच्छता नॅनोड्रॉपची, अशी कामाची विभागणी राहील. दोन्ही आकडे वहीत शेजारी-शेजारी लिहावेत. त्यांच्यातली तफावत ही स्वतःच एक माहिती असते.

1 ऑगस्ट 2024

वादळी पावसामुळे वीज वारंवार जात आहे. तयार डीएनए उणे 20 च्या कपाटातून काढून टीई द्रावणात 4 अंशांवर ठेवला आहे. पुन्हा पुन्हा गोठण्या-वितळण्याने लांब रेणू तुटतात. फ्रीजमध्ये काही महिने ठेवल्याने, टीईमधल्या ईडीटीएने डीएनए तोडणाऱ्या न्यूक्लिएज एन्झाइमांना लागणारे मॅग्नेशियम बांधून ठेवले असताना, फारसे बिघडत नाही. ताजी पाने घेणे थांबवले आहे. सिलिकातले नमुने अशा वेळी कामी येतात.

8 ऑगस्ट 2024

आतापर्यंतचे सर्व आकडे यंत्रांचे होते. आज एन्झाइमला विचारले, आणि माझ्या दृष्टीने खरी परीक्षा हीच.

पहिली चाचणी कापण्याची. प्रत्येक नमुन्याचा एक भाग इको आर वन एन्झाइमसह आणि दुसरा भाग त्याच बफरमध्ये एन्झाइमशिवाय, असे दोन्ही 37 अंशांवर ठेवले आणि 0.8 टक्के ॲगरोजवर शेजारी-शेजारी चालवले. सहा बेसची खूण ओळखणारा हा एन्झाइम सरासरी चार हजार बेसच्या अंतराने कापतो, त्यामुळे जीनोमचा डीएनए पूर्ण कापला गेला तर वरची जाड पट्टी नाहीशी होऊन वरपासून खालपर्यंत सलग छटा दिसायला हवी. धुतलेल्या नमुन्यांत तसे झाले. एन्झाइम नसलेल्या भागातली पट्टी जागच्या जागी राहिली, ही गोष्टही तितकीच महत्त्वाची, कारण ती हलली असती तर नमुन्यातच न्यूक्लिएज शिल्लक असल्याचे निष्पन्न झाले असते. एका नमुन्याचे 260/230 गुणोत्तर 2.0 होते, तरी तो अर्धवटच कापला गेला. दुसऱ्याचे गुणोत्तर 1.5 होते आणि तो स्वच्छ कापला गेला. 230 नॅनोमीटरला ईडीटीएसुद्धा शोषण दाखवते, आणि सगळ्या शर्करा सारख्या दिसत नाहीत. म्हणून ‘1.8 च्या खाली नाकारावे’ असा सरसकट नियम आम्ही काढून टाकला.

दुसरी चाचणी पातळ करण्याची. प्रत्येक नमुना जसाच्या तसा, दहापट पातळ आणि पन्नासपट पातळ अशा तीन रूपांत पीसीआरला लावला. जसाच्या तसा नमुना चालत नाही, पण पातळ केल्यावर चालतो, असे दिसले तर डीएनए पुरेसा आहे आणि अडवणूक करणारे द्रव्य सोबत आहे. तिन्ही रूपांत चालत नसेल, तर दोष डीएनएत किंवा प्रायमरमध्ये (वाढवायच्या तुकड्याच्या टोकांना चिकटणाऱ्या छोट्या डीएनए-धाग्यांत) शोधावा. काही जणांचा सल्ला पीसीआरमध्ये सरळ बीएसए हे प्रथिन घालण्याचा असतो. ते टॅनिनला धरून ठेवते आणि पॉलिमरेज मोकळे सोडते. एसएसआरसाठी ही युक्ती मान्य आहे. पण तीच बाटली पुढच्या सिक्वेन्सिंगच्या कामात उपयोगी पडणार नाही, म्हणून तिच्या आधाराने नमुना ‘उत्तीर्ण’ ठरवायचा नाही.

22 ऑगस्ट 2024

सर्व रोपांचे नमुने 96 खान्यांच्या प्लेटमध्ये घेतले. दळण्यासाठी प्रत्येक खान्यात पोलादी गोळी टाकून यंत्राने हलवले. प्लेटमध्ये प्रत्येक खान्याची तार तपासत बसणे शक्य नाही, म्हणून तिथे सॉर्बिटॉलची धुलाई सर्वांना सारखी दिली आणि पानाचे वजन कमी ठेवले. कमी पान घेतल्याने डीएनए कमी मिळतो, पण कचराही कमी येतो. एसएसआरला लागणारा डीएनए काही नॅनोग्रॅमच असतो, हे लक्षात घेतले की जास्त पान कोंबण्याचा मोह आवरता येतो.

दोन्ही पालक प्लेटमध्ये वेगवेगळ्या जागी एकापेक्षा जास्त वेळा ठेवले आहेत, आणि पान न घातलेले रिकामे खानेही ठेवले आहेत. रिकाम्या खान्यात पट्टी दिसली, तर शेजारच्या खान्यातून शिंतोडा उडाला आहे. पालकांच्या जागा आणि रिकामे खाने मुद्दाम असमान ठेवले, म्हणजे प्लेट उलटी फिरवून लावली गेली तर निकालाच्या पहिल्या नजरेतच ते कळते. शुद्धतेबद्दल आपण फार बोलतो. एखाद्या रोपाचा डीएनए भलत्याच क्रमांकाखाली गेला, तर तो कितीही शुद्ध असला तरी पैदासकाराच्या काही उपयोगाचा नाही.

12 सप्टेंबर 2024

एसएसआरचे निकाल. आंब्याचे पहिले एसएसआर मार्कर 2005 च्या सुमारास स्पेन, अमेरिका आणि जपानमधल्या गटांनी प्रसिद्ध केले. त्यांतले, ज्यांच्यावर नीलम आणि हापूस यांचे अलील (त्या जागेची रूपे) वेगळे पडतात, तेवढेच आम्ही निवडले होते. वाचन सोपे आहे. खऱ्या संकरित रोपात प्रत्येक मार्करवर एक अलील नीलमचा आणि एक हापूसचा असायला हवा. बहुतेक रोपे या कसोटीला उतरली. काही रोपांत अनेक मार्करवर हापूसचा एकही अलील नाही, दुसऱ्याच कुठल्या तरी झाडाचा आहे. त्यांचा बाप परका, याबद्दल शंका नाही.

मोजक्या रोपांत एकाच मार्करवर फक्त नीलमचा अलील दिसतो आणि बाकी सगळे जुळते. ती लगेच बाद केली नाहीत. प्रायमर जिथे चिकटतो तिथे हापूसच्या एका क्रोमोसोमवर बदल असेल, तर तो अलील वाढतच नाही आणि रोप विनाकारण संशयित ठरते. डीएनए अपुरा किंवा मलिन असेल, तर लांब अलील गळून छोटा तेवढाच दिसण्याचीही शक्यता असते. या रोपांची पाने पुन्हा आणली, ट्यूबमध्ये तार तपासत डीएनए काढला आणि मार्कर पुन्हा चालवला. काहींत हरवलेला अलील उमटला, काहींत नाही. पहिल्या प्रकारात दोष प्लेटमधल्या डीएनएचा होता. दुसऱ्या प्रकारात न वाढणारा अलील असावा, कारण ती रोपे उरलेल्या सर्व मार्करवर निर्विवाद संकरित आहेत.

26 सप्टेंबर 2024

पालकांचा लांब डीएनए. हापूसचा जीनोम 2020 मध्ये प्रसिद्ध झाला असून तो सुमारे 39 कोटी बेसचा आणि 20 क्रोमोसोमचा आहे. आमचा हेतू दोन्ही पालकांत प्रत्येक जोडीतले दोन्ही क्रोमोसोम वेगवेगळे वाचण्याचा आहे, आणि त्यासाठी रेणू शक्य तेवढे लांब हवेत.

इथे सीटॅबच्या आधी पेशीकेंद्रेच वेगळी काढली. भुकटी थंड बफरमध्ये मिसळली, दाट विणीच्या कापडातून गाळली, सौम्य डिटर्जंटने हरितलवके फोडली आणि कमी वेगाने सेंट्रीफ्यूज करून पेशीकेंद्रे खाली बसवली. याचा दुहेरी लाभ होतो. पेशीरसातला कचरा जातो, आणि हरितलवकांचा डीएनएही बराच कमी होतो. पानातून थेट काढलेल्या डीएनएत तो मोठा वाटा उचलतो आणि वाचनाचा पैसा खातो. पेशीकेंद्रे फोडल्यानंतर व्होर्टेक्स (ट्यूब जोराने हलवणारे यंत्र) वर्ज्य. ट्यूब हातानेच हळू उलटी-सुलटी करायची आणि पिपेटचे टोक कापून रुंद केलेले वापरायचे. अरुंद टोकातून झपकन ओढल्यानेही लांब रेणू तुटतात.

जेलवर एकच घट्ट पट्टी दिसली, ती लॅम्डा डीएनएच्या 48,500 बेसच्या पट्टीच्या बरोबरीने. साध्या ॲगरोजवर वीस-पंचवीस हजार बेसच्या पुढचे सारे एकाच जागी गोळा होते, त्यामुळे ही पट्टी पाहून समाधान मानण्यात अर्थ नाही. स्पंदित विद्युतक्षेत्राच्या, म्हणजे लांब रेणूही वेगळे करणाऱ्या जेलची सोय दुसऱ्या संस्थेत आहे. तिथे चालवल्यावर हापूसचा नमुना उत्तम निघाला, नीलमचा मध्यम. नीलमचे पान घेतले तेव्हा झाडाला नवी पालवी नव्हती आणि जरा निबर पानावर भागवावे लागले होते. सेंट्रीफ्यूजचा वेग, एन्झाइम, टोके, सगळे दोघांना सारखेच होते. फरक पानाचा.

17 ऑक्टोबर 2024

पाऊस सरला आणि ऑक्टोबरच्या उन्हात नीलमच्या झाडाला भरघोस पालवी आली. मोठे झाड गोदामात नेता येत नाही, म्हणून पूर्वेकडच्या दोन फांद्या काळ्या कापडात गुंडाळून ठेवल्या आणि ठरवलेल्या अवस्थेची पाने पहाटे घेतली. पेशीकेंद्रांचा गोळा या वेळी मळकट हिरवा न येता फिकट राखाडी आला. डीएनए विरघळायला दोन दिवस लागले. लांब रेणू विरघळायला वेळ घेतात, म्हणून त्याला हलवले नाही की तापवले नाही. स्पंदित क्षेत्राच्या जेलवर नीलमचा नमुना आता हापूसच्या बरोबरीने आहे. दोन्ही नमुने लांब वाचनासाठी बर्फाच्या पेटीतून, गोठू न देता, रवाना केले. उरलेला डीएनए 4 अंशांवर ठेवला आहे.

संकरित ठरलेली रोपे प्रक्षेत्रावर लावण्याची यादी पैदासकारांना दिली. संशयित पण शेवटी संकरित मानलेली रोपे यादीत वेगळ्या खुणेने दाखवली आहेत, म्हणजे एसएनपीचे निकाल आल्यावर त्यांची पुन्हा खातरजमा होईल. परक्या परागाची रोपे फेकलेली नाहीत. काकांनी ती मृदुकाष्ठ कलमासाठी खुंट म्हणून मागून घेतली आहेत. एसएनपीसाठी द्यायच्या प्लेटमधला प्रत्येक नमुना कापण्याच्या चाचणीतून जाईल. ते काम सोमवारपासून सुरू होईल, आणि अर्धवट कापले जाणारे नमुने सिलिकातल्या पानापासून पुन्हा काढले जातील.